इर्जिकीचं जेवण

त्या दिवशी दिवस उगवायच्या आत झुंबरबाईनं तीन चुली पेटवल्या. ऊन वर येईतो भाकरींची चळत तिच्या गुडघ्याला लागली होती. मोठ्या पातेल्यात येसराची आमटी रटरटत होती आणि शेजारच्या झोपड्यांतल्या बायका ठेचा कुटत होत्या. चाळीस माणसांचं जेवण होतं, कारण आज त्यांच्या वस्तीच्या रानात इर्जिक होती.

इर्जिक म्हणजे गावानं एका दिवसापुरती आपली औतं एखाद्याच्या रानात न्यायची, त्याचं काम उरकायचं आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. त्यात मजुरी नाही, उपकारही नाही. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे.

परतूरपासून तीन कोसांवरच्या या बोरखडीतली, झुंबरबाईचं धरून, अकरा कुटुंबं वीस वर्षांपूर्वी परमुलखात कालव्याच्या कामाला गेली आणि तिथंच शेती करून राहिली. १९९३ साली तिथल्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला. सरकारनं माणसं ट्रकांत भरली. बैल दावणीलाच राहिले. माणसांच्या अंगावरून किरणं मोजायची यंत्रं फिरली, निर्धोक असल्याचे कागद हातात पडले आणि मूळ गावच्या गायरानाचा एक तुकडा देऊन त्यांना इथं आणून सोडलं. गावानं कागद वाचले नाहीत. हॉटेलवाल्यानं त्यांच्यासाठी कानतुटक्या कपबश्या वेगळ्या काढल्या. ही युक्ती त्याला कुणी शिकवावी लागली नाही. किरणांचं भय नवं होतं, पण कपबशी वेगळी ठेवायची खोड बापजाद्यांची होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

दीड वर्ष ही माणसं रेशनच्या धान्यावर आणि मिळेल त्या मजुरीवर जगली. आता त्यांना स्वतःची जवारी पेरायची होती. बियाणं होतं, दोन तिफणी होत्या, पेरणीजोगी ओल धरून रानाला वाफसा आला होता. बैल तेवढे नव्हते. तीन दिवसांत ओल उडणार आणि पेरणी हुकली की पुन्हा वर्षभर रेशनची रांग.

परतूरच्या एका संस्थेचा कार्यकर्ता मच्छिंद्र महिनाभर सायकल मारत गावात घरोघर फिरला आणि त्यानं चौदा बैलजोड्यांचा शब्द मिळवला. गावानं शब्द पाळला, सकाळी चौदाही जोड्या बांधावर आल्या. झुंबरबाई ओटीत बियाणं घेऊन पुढं झाली आणि थबकली. प्रत्येक जुवाला फडक्यात बांधलेली शिदोरी लटकत होती आणि प्रत्येकाच्या हातात घरच्या पाण्याचा कॅन होता.

"आबा, फडक्यात काय हाय?" तिनं रखमाजीला विचारलं. रखमाजी गावचा बडा बागायतदार. सहा जोड्या त्याच्याच होत्या.

"भाकर हाय. समद्यांनी घरून आणली. तुला तरास नको."

"चाळीस मानसाचं करून ठिवलंय म्या."

"ते तुमचं तुमी खा. आमी जल्दी पेरून देतो अन् जातो. मच्छिंद्रसंग तसंच ठरलंय."

झुंबरबाईनं मच्छिंद्रकडे पाहिलं. तसं ठरलं होतं खरंच. आधी पोटाचं बघू, मानाचं मागून बघू, असा हिशेब त्यानं मनाशी केला होता. अशी चूक भल्या माणसांच्याच हातून होते.

"मंग औतं माघारी न्या," झुंबरबाई म्हणाली.

तिचा नवरा कचरू धावत आला. "अगं, वाफसा जाईन. येड लागलं का तुला?"

"जाऊ द्या. इर्जिकीला येऊन जेवले न्हाईत तं ती इर्जिक न्हाई, भीक झाली. भीक तं सरकार देऊनच राह्यलंय."

रखमाजी हसला. "बाई, तुज्या भाकरीत काय हाय ते कुनाला ठाव? किरणं डोळ्यांनी दिसत न्हाईत."

"दिसत न्हाईत, तं बराबर माज्याच भाकरीवर कशी दिसली? ही जवारी तुमच्याच रानात खुरपून मजुरीत मिळाल्याली हाय, आबा. तवा माज्या हाताला किरणं नव्हती का?"

रखमाजीचं हसू मावळलं. "हिचा माज बिलकुल कमी झाला न्हाई," असं म्हणून त्यानं कासरा ओढला. त्याच्यामागं सगळ्या जोड्या वळल्या. बाकीच्या तेरा औतवाल्यांपैकी एकानंही मागं पाहिलं नाही. कचरू ढेकळावर बसून बायकोला शिव्या देत राहिला.

"वहिनी, घाई केली तुमी," मच्छिंद्र म्हणाला. "महिना घातल्ता म्या."

"मच्छिंद्रभाऊ, तुमचा डबा कुठंय?"

डबा सायकलच्या पिशवीत होता. महिनाभर चावडीवर नाकानं कांदे सोलत 'यांच्या हातचं खा' म्हणून सांगणारा हा माणूस या वस्तीत 'चहा आत्ताच झाला' म्हणून उठत आला होता. शरमेनं तो चुलीपाशी गेला. भाकरी उचलली, घास मोडला, आणि त्याचा हात तोंडाजवळ अडला. क्षणभरच अडला, पण झुंबरबाईनं ते पाहिलं.

तिनं त्याच्या हातातून भाकरी काढून घेतली. "आत्ता न्हाई. इर्जिकीत जेवण कामानंतर असतंय. जू उचला."

त्यानं जू उचललं. दुसऱ्या बाजूला, शिव्या गिळून, कचरू आला. मागोमाग बाकीचे बाप्ये दोरांना लागले. झुंबरबाईनं तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली आणि तिच्या बोटांतून जवारी सरळ ओळीत पडू लागली. तीन दिवस माणसांनी बैलांचं काम केलं. खांदे सोलवटले आणि तरीही चौथा हिस्सा रान पडीकच राहिलं.

पहिल्या दिवशी दिवस मावळताना मच्छिंद्र त्यांच्या पंगतीत बसून तीन भाकरी जेवला. घरी परतताना वाटेत सायकल थांबवून त्यानं आपले हात उलटेपालटे करून पाहिले, हेही खरं आहे. तेव्हापासून तो कुठल्याही गावच्या सभेत आधी तो अडलेला घास आणि ते उलटून पाहिलेले हात एवढंच सांगतो आणि मगच बाकीचं बोलतो. ऐकणारे हसतात, म्हणतात, आम्ही तर लगेच जेवलो असतो. वाचकहो, तुम्हीही तेच म्हणत असाल. म्हणा, पण घास तोंडाजवळ आलाय असं समजून म्हणा.