दर्शनी भिंतीतलं दार

पाडलेल्या वस्तीतली झाडून सगळी दारं आर्किटेक्टबाईंनी महिला आश्रयगृहाच्या दर्शनी भिंतीत बसवली. साहित्य स्थानिक, पुनर्वापर झालेलं, शिवाय फोटोत झकास. आत खोल्यांना मात्र पडदे. दारांमुळे म्हणे माणसं एकमेकांपासून तुटतात.

त्या वस्तीतली इस्त्रीवाली इथे राहायला आली, तर भिंतीत तिचंच दार. नवऱ्याने कुऱ्हाडीने फोडायला घेतलं तेव्हा ती याच दाराआड बसली होती. दार टिकलं म्हणून ती टिकली. आता त्या घावांवर पॉलिश होतं.

"बाई, एवढं माझं दार काढून द्या. खोलीला लावते. तो सुटलाय तुरुंगातून."

"अगं, त्या एका दारामुळे तर अख्खी भिंत उठून दिसते!"

"आणि मी?"

"तुला जाड पडदा देऊ."

जाड पडदा आला. पाठोपाठ नवराही आला, भर दुपारी. पडदा त्याने अदबीने, दोन बोटांनी सारला आणि बायकोला केसांना धरून फरशीवर आपटलं. राखणदार मावशी झाडू घेऊन धावल्या. त्यांचं नाक फुटलं.

"घरातलं भांडण आहे म्हातारे, मध्ये पडू नकोस!"

"मुडद्या, घर पाडलंय तुझं!" नाकातलं रक्त पुसत मावशी ओरडल्या.

तेवढ्यात इस्त्रीवाली बाहेर पळाली आणि तिने बागेतली पहार उचलली. तिच्यामागे धावत आलेला नवरा दोन पावलं मागे सरला. पण तिने पहार घातली ती भिंतीतल्या आपल्या दाराच्या फटीत. त्याला हसू फुटलं.

"भिंतीतून माहेरी निघालीस काय गं?"

असं म्हणत तो तिला धरायला झेपावला. खिळे करकरले, ती बाजूला झाली आणि जाड फळ्यांचं ते दार त्याच्या अंगावर कोसळलं. गुडघा भलत्याच दिशेला वळला. दाराखालून तो आईला हाका मारू लागला. दोघींनी दार उचललं, पण त्याआधी त्यावर बसून नीट दम खाल्ला.

त्याला पोलिसांनी नेलं. मावशींनी सुतार बोलावून दार खोलीला लावून घेतलं.

संध्याकाळी आर्किटेक्टबाई धावत आल्या. सवयीने पडदा सारायला त्यांनी हात घातला, तो फळ्यांवर आपटला. त्यांनी बोटं चोळली, मग दार वाजवलं.

"कोण?"

"मी गं. भिंतीला भगदाड पडलंय, उद्या पाहुणे येतायत. तेवढं दार..."

आतून खालचीही कडी लागली.