दिवसाचं पाणी

उंद्रीच्या शाळेमागच्या विहिरीत सुलभाने टेप सोडला. दर जानेवारीत वीस-एकवीस फुटांवर टेपचं वजन पाण्याला लागायचं आणि डुबुक असा आवाज यायचा. यंदा एकवीस गेले, पंचवीस गेले, तीसही गेले. आवाज आला तेव्हा तिच्या बोटांत तेहतीसचा आकडा होता.

तिने टेप वर ओढला, पुसला आणि पुन्हा सोडला. पुन्हा तेहतीस. तिसऱ्यांदाही तेच.

भूजल खात्यात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजायची आणि बुलढाण्याच्या कचेरीत कळवायची, हे तिचं काम. शाळेमागच्या विहिरीवर मोटर नव्हती, तिचं पाणी कुणी शेंदतही नव्हतं. त्यामुळे भोवतालच्या जमिनीत जेवढं पाणी, तेवढंच तिच्यात. पावसाळा तर चांगला झाला होता. मग बारा फूट पाणी गेलं कुठे?

तिने मान वर केली. शिवारभर सौर पंपांच्या निळ्याकाळ्या काचा उन्हाकडे तोंड करून उभ्या होत्या. दोन वर्षांपूर्वी एक होती, आता मोजता येत नव्हत्या. प्रत्येक काचेखाली एक बोअर आणि प्रत्येक बोअरच्या तोंडाशी पांढरी धार. भरदुपारी चारी बाजूंनी पाणी पडण्याचा आवाज येत होता. एरवी हा आवाज ऐकून तिला बरं वाटलं असतं.

उंद्री तिचं माहेर. तिचा धाकटा भाऊ राजकुमार अकरा वर्षांपूर्वी इथेच गेला. तेव्हा शेतीला वीज रात्रीची मिळायची. मोटर सुरू करायला गेला, हरभऱ्याच्या वाफ्यात साप चावला, आणि तो सापडला थेट सकाळी. म्हणून चुलतभाऊ किसनरावांच्या शेतात गावातला पहिला सौर पंप बसला, तेव्हा सुलभा स्वतः नारळ घेऊन आली होती. आता कुणाच्या घरचं माणूस अंधारात जाणार नाही, असं म्हणून ती तिथेच रडली होती.

ती किसनरावांच्या शेतात गेली. ते शेततळ्याच्या काठावर उभे होते. प्लास्टिक अंथरलेलं मोठं तळं काठोकाठ भरलं होतं, तरी पाइपातून धार चालूच होती.

"दादा, तळं तं भरलं हाय. बंद काऊन नाही करत?"

"भरलं तं काय झालं? ऊन रोज उडवते त्याले. भरत राहा लागते." किसनराव हसले. "अन् बंद करून काय वाचवू? सूर्य उगवला का चालू, मावळला का बंद. हात लावाचं काम नाही."

"खालचं पानी बारा फूट उतरलं, दादा."

"पाऊस आला का भरन."

त्यांच्या आवाजात बेफिकिरी नव्हती, नुसता विश्वास होता. तिला त्याचीच भीती वाटली.

घरी गेल्यावर तिने सोहमला फोन लावला. तिचा मुलगा पुण्यात सौर पंपांच्या कंपनीत होता.

"आई, ही चांगलीच गोष्ट आहे ना?" तो म्हणाला. "कोळसा नाही, धूर नाही. पॅनल इतके स्वस्त झालेत की सगळं जग तिकडेच चाललंय. राजस्थान, पाकिस्तान, येमेन, सगळीकडे शेतकरी उन्हावर पंप चालवतात."

"तिकडच्या विहिरींचं काय झालं?"

"मी पंप बसवतो, आई. विहिरी नाही मोजत."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं गावाचं पाणी कुणी राखलंच नव्हतं. ते राखलं होतं लोडशेडिंगने. वीज जायची, मोटर थांबायची, आणि तेवढ्या वेळात जमिनीखालचं पाणी सावरायचं. ज्या अंधाराने राजकुमारला नेलं, त्यानेच विहिरी भरलेल्या ठेवल्या होत्या. हे कुणाला सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने?

मार्चमध्ये टेप पंचेचाळीस फुटांवर लागला. विहीर बावन्न फूट खोल होती. त्या आठवड्यात ग्रामसभा होती, आणि तिथे बोलणं हे तिचं काम नव्हतं, तरी ती उभी राहिली. दिवसातून तीनच तास पंप चालवा, आळीपाळीने चालवा, तळी बोअरच्या पाण्याने भरू नका, असं तिने हात जोडून सांगितलं.

मागून भागवत उठला. त्याचं शेत किसनरावांच्या बांधाला लागून होतं.

"ताई, तुमचा भाऊ रात्रीच्या लाइनीनं गेला. अन् तुम्हीच दिवसाचं पानी बंद करा म्हनता?"

सुलभा खाली बसली.

तेव्हा किसनराव उठले. "मी उद्यापासून तीन तासच चालवतो," ते म्हणाले. "पहा बाकीच्याइनं." बऱ्याच माना हलल्या. ठराव लिहिला गेला, सह्या झाल्या.

किसनरावांनी शब्द पाळला. सकाळी तीन तास झाले की ते स्वतः जाऊन बटण बंद करत. बाकी कुणाचं बटण बंद झालं नाही. एप्रिलमध्ये किसनरावांचं तळं आटलं, उन्हाळी भुईमूग माना टाकू लागला, आणि बांधापलीकडे भागवतची धार संध्याकाळपर्यंत पडत राहिली.

मे महिन्यात सुलभा आली तेव्हा टेपचं वजन थेट तळाला लागलं. ठप्प. डुबुक नाही, काही नाही. तिने विहिरीत वाकून पाहिलं. तळाशी गाळ भेगाळला होता.

किसनरावांच्या शेतातून धडधडाट ऐकू येत होता. ती तिकडे गेली. बोअर मारायची गाडी लागली होती आणि धुरळ्याने झाडं पांढरी झाली होती. त्यांची बायको पुष्पाबाई तोंडाला पदर लावून बांधावर बसली होती. परवापासून त्यांच्या पाइपातून नुसती हवा येत होती. काचांवर मात्र कडक ऊन होतं.

"दादा, काय करून राह्यले?"

किसनरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तुह्या शब्दाखातर बंद ठेवला, सुलभे. पन्नास दिवस. म्या वाचवलेलं पानी जमिनीत राह्यलं नाही, भागवतच्या तळ्यात गेलं. माह्या भुईमुंगाची होळी झाली अन् त्याचं तळं भरलं."

"अजून खाली गेले तं…"

"तं काय? खाली पानी असन तं आनतो. नसन तं नाही."

गावात एकानेच तिचं ऐकलं होतं आणि तोच बुडाला होता. ती पुष्पाबाईंशेजारी जाऊन बसली.

पाचशे चाळीस फुटांवर पाणी लागलं. आधी राखाडी चिखल उडाला, मग धार. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. पुष्पाबाईंनी ओंजळ धरली आणि लगेच हात मागे घेतला.

"ताई, हे तं कोमट हाय."

त्यांनी एक घोट घेतला, मचूळ लागताच तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकला. गाडीवाला तोवर फोनवर बोलत होता. भागवतला सहाशे फूट हवं होतं. त्याच्यामागे आणखी चौघांनी नंबर लावला होता.

सुलभाने कचेरीत 'कोरडी' असं कळवलं. आठ दिवसांत उत्तर आलं: सदर निरीक्षण विहीर निरुपयोगी झाल्याने त्याच गावातील पाणी असलेली दुसरी विहीर निवडून कळवावे.

त्या एका ओळीसाठी ती पुन्हा उंद्रीला गेली. किसनराव बोलले नाहीत, पण पुष्पाबाई डोक्याला फडकं बांधून तिच्यासोबत निघाल्या. नाल्याकाठची विहीर पाहिली, मारुतीच्या पारामागची पाहिली, अमडापूरच्या रस्त्याकडची जुनी पायऱ्यांची पाहिली. कुठे गाळ, कुठे दगड, कुठे मेलेलं कबुतर. दोघी प्रत्येक काठावर वाकायच्या, आणि पुढे चालू लागायच्या. मधल्या वाटेवर भागवतचं शेततळं लागलं. त्यात पाणी इतकं लखलखत होतं की डोळ्यांवर हात धरावा लागला.

अठरावी विहीर पाहून झाल्यावर पुष्पाबाई बांधावर टेकल्या.

"ताई, लिहा कोनतीबी एक," त्या म्हणाल्या. "कोन पाहाले येते?"

सुलभाने फॉर्म काढला, मांडीवर ठेवला आणि विहिरीच्या नावाची जागा कोरीच ठेवून खाली सही केली. शिवारात बोअरच्या नव्या गाड्या धडधडायला लागल्या होत्या. या वेळी आवाज एकाच बाजूने येत नव्हता.