विस्तव मागायला

निखारा रिठ्याएवढाच उरला होता. काल संध्याकाळी शमुवेलने तो राखेखाली पुरला तेव्हा चांगला लिंबाएवढा होता—म्हणजे रात्रीत राखेने एवढा खाल्ला... त्याने फुंकर घातली. निखाऱ्याने लालसर डोळा उघडला आणि मिटला.

‘ऊठ,’ तो म्हणाला. म्हणायला गेला, एवढंच. घशातून नुसती खरखर आली. जंगलखात्याचा गार्ड येऊन गेल्याला आज नववा दिवस. तेव्हापासून तोंड फक्त खायला उघडलं होतं.

तसं अडलं कशाचंच नव्हतं. नगरच्या मिशन बोर्डिंगात अठरा वर्षं कोठी सांभाळलेला माणूस; मिठाची चिमूटही इकडची तिकडे होऊ न देणारा. बायको, मरिया, गेल्यावर त्याने ही नोकरी धरली—नगरच्याच अकोले तालुक्यातल्या डोंगरात, जर्मनीशी चाललेल्या लढाईसाठी तोडलेल्या लाकडाच्या थप्प्या राखायची—तेव्हा निघताना यादी केली ती कशी! कोयता, दोर, घोंगडी, मीठ, क्विनाईन, सुई-दोरा. बाजारातून काडेपेट्या नाहीशा झालेल्या, तरी दोन मिळवल्या. त्या नाताळच्या आधीच संपल्या. नाताळला त्याने एकट्याने गीत म्हटलं. पण दुसरी ओळ बायकांची, तिथे आपोआप थांबला... आणि ती कोणी उचलली नाही.

बाकीचं ओहळापलीकडच्या छबूबाईने आणि तिच्या नवऱ्याने, सहादेवने शिकवलं. पहिल्याच आठवड्यात दोघं आली होती. कडूकंद उकडून, चिरून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, मगच त्याचं विष उतरतं. खैराचा निखारा राखेत निजवायचा. बिबट्या थप्प्यांमागे खाकरतो, तर दारात जाळ हवा. शमुवेलने सगळं वहीत उतरवून घेतलं, तेव्हा छबूबाई पदर तोंडाला लावून हसली होती.

“मास्तर, इस्तव इझला तर या की मागाया. लाजू नगा.”

“विझणार नाही,” शमुवेल म्हणाला होता. कोठीवाल्याच्या तोऱ्यात.

“येकला मानूस लई जपतो बया इस्तवाला! आमी न्हाई येवढं जपत. शेजार हाय ना.”

चार महिने विझू दिला नाही. एकदाही ओहळ ओलांडला नाही. आणि याचा अभिमान वाटत होता मला, शमुवेलच्या मनात आलं... अभिमान! कुणापाशी मिरवायचा, थप्प्यांपाशी?

मरिया रोज सकाळी खापर घेऊन शेजारच्या दयाबाईंकडे विस्तवाला जायची. फडताळात काडेपेटी असताना. जायची ती अर्ध्या तासाने परत यायची, निखारे काळवंडलेले, तरी तोंड हसरं. तो दारातच उभा असायचा.

“हिशोब येतो का तुला? एका विस्तवाला अर्धा तास!”

“अहो, काडीनं चूल पेटते. दयाबाईच्या पोराचा ताप उतरला का, ते काडी सांगते का?”

त्याला ते बायकी निमित्त वाटायचं. निमित्तच होतं ते; फक्त कशाचं, हे आज चुलीपुढे गुडघे टेकून बसल्यावर...

समोरच्या उतारावर छबूबाईच्या खोपीतून धूर निघाला होता. सरळ, निळसर. पाऊण तासाची वाट.

तो दुसरी फुंकर घालायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. चार सुकी पानं, एक काटकी—पेटला असता. हे त्याला ठाऊक होतं. सूर्य कलायच्या आत दारात जाळ हवा, हेही ठाऊक होतं. तरी तो उठला, फुटक्या मडक्याचं खापर उचललं, त्यात बोटभर राख पसरली, दार लावलं. विझलाच आहे तो, त्याने स्वतःला सांगितलं. आणि कोठीतल्या पोरांचं खोटं क्षणात पकडणारा शमुवेल स्वतःचं मात्र निमूट ऐकून घेत उतरणीला लागला.

“बाई, विस्तव आहे का?”

चालता चालता त्याने म्हणून पाहिलं; पहिल्यांदा नुसती हवा आली. करवंदीच्या जाळीपाशी आवाज फुटला, पण तो हुकूम सोडल्यासारखा. पुन्हा. “बाई... विस्तव आहे का थोडा?” ‘थोडा’ बरं वाटलं.

ओहळात पाय घातला तेव्हा पाणी घोट्याशी गार लागलं आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं: छबूबाई विस्तव देईल. लगेच देईल. चुलीतून दोन निखारे काढून खापरात टाकेल, एवढंच तर मागायचंय. आणि मग? तिला पोरं किती, कुणाला ताप आहे की नाही, सहादेव सकाळी घरी असतो का... वहीत चार महिन्यांचं सगळं आहे, कंद आहे, बिबट्या आहे, हे कुठेच नाही.

मरिया तो अर्धा तास कसा काढायची? निखारे काळवंडेपर्यंत काय बोलायची? मी कधी विचारलं नाही.

मागे वळून पाहिलं असतं तर स्वतःच्या खोपीवर धूर आहे की नाही ते कळलं असतं. त्याने पाहिलं नाही. पाण्यात उभा राहून, नुसत्या राखेचं खापर दोन्ही हातांनी छातीशी धरून, तो दुसरं वाक्य शोधत राहिला.