निवडक बारा गाणी, मुक्काम बेहाला

मित्रांनो, तुम्ही मला ताटली समजलात तरी माझी हरकत नाही. मी काळी, गोल, मधोमध भोक असलेली एक जुनी रेकॉर्ड आहे. माझ्यावर एका जगप्रसिद्ध रॉक गायकाची निवडक बारा गाणी आहेत. हा गायक आधी मित्रांच्या बँडमध्ये गात असे. मग भांडण झाले आणि तो एकटा गाऊ लागला. एकट्याने गाजवलेली त्याची गाणी कंपनीने एकत्र केली, तीच मी. कव्हरवर तो चामड्याचे जाकीट घालून उभा आहे. कोलकात्याच्या उकाड्यात त्याच्याकडे नुसते पाहिले तरी घाम येतो.

माझा जन्म दमदमच्या कारखान्यात झाला. पहिली वर्षे मी बालीगंजच्या एका दंतवैद्याकडे मानाने काढली. ते मला मखमलीच्या फडक्याने पुसत आणि दात काढण्यापूर्वी रोग्यांना माझे पहिले गाणे ऐकवत. रोगी माना डोलवत. तोंड उघडे असल्यामुळे त्यांना दुसरे मत देता येत नसे. डॉक्टर गेले आणि त्यांच्या वारसांनी मला जुन्या रेकॉर्डच्या दुकानात पोचवले.

तिथे मला माझी खरी किंमत समजली. रसिक माणसे रेकॉर्डी चाळत येत आणि मी दिसले की ओली छत्री बाजूला सारावी तसे मला सारत. निवडक गाण्यांची रेकॉर्ड घाईतल्या लोकांसाठी असते म्हणे. खरा रसिक मूळ अल्बम घेतो आणि त्यातली न गाजलेली गाणीसुद्धा ऐकतो.

एकदा क्षितिज नावाचा कॉलेजातला मुलगा आला. त्याने मनाजोग्या दोन रेकॉर्डी घेतल्या. दुकानदाराने भाजीवर कोथिंबीर टाकावी तसे मला फुकट वर टाकले. अशी मी कोलकात्याच्या बेहाल्याला, श्यामराव आणि सुहासिनीबाईंच्या घरी आले. श्यामराव केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीत होते. बदलीने नागपूरहून इथे आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. क्षितिज त्यांचा एकुलता एक.

त्याने त्या दोन विकतच्या रेकॉर्डींना रात्रंदिवस वाजवले. मला फक्त एकदा, तेही अर्धे गाणे. "छे," तो म्हणाला आणि मला काढून ठेवले. वीज गेली की माझ्या कव्हरने वारा घेत असत, तेवढीच माझी सेवा.

नोकरी लागून तो बंगळुरूला गेला, तेव्हा त्या दोघींना कपड्यांत गुंडाळून घेऊन गेला. जुना प्लेअर आणि मी मागे राहिलो.

"बघा हो, एक आपल्यासाठी ठेवून गेलाय," सुहासिनीबाई म्हणाल्या.

मला खरे काय ते ठाऊक होते. पण मित्रांनो, मला बारा गाणी येतात, त्यापलीकडे एक वाक्य येत नाही.

पुढे क्षितिज वर्षाकाठी एकदा येई. "प्रवास?" श्यामराव विचारत. "बरा." "तिकडे ऊन?" "आहे." मग दोघे बातम्या पाहत. भांडण नव्हते. भांडायलाही काही विषय लागतो.

यंदा त्याचा फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सॉल्ट लेकला ऑफिसचे काम आहे, हॉटेलात उतरेन, शुक्रवारी जेवायला येतो.

"अहो, या वेळी त्याच्याशी बोला," सुहासिनीबाई म्हणाल्या. "उन्हाळा सोडून."

"काय बोलू? त्याला काय आवडतं तेच मला माहीत नाही."

असे म्हणता म्हणता त्यांची नजर माझ्यावर पडली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत कौतुकाचा आणि सर्वांत वाईट क्षण. त्यांनी मला खात्याच्या परीक्षेसारखे अभ्यासाला घेतले. शेजारच्या मंटूदांकडून नवी सुई बसवून घेतली आणि रोज सकाळी चहाबरोबर माझी पहिली बाजू ऐकू लागले. प्रत्येक गाण्यावर ते बायकोला शेरा सांगत.

"पहिलं ठीक. दुसऱ्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा. आमच्या ऑफिसात चाललं नसतं."

"आणि पाचवं?"

"ते पुन्हा लाव."

मंटूदांना हे पाहवेना. "दादा, ग्रेटेस्ट हिट्स कोई सुनता है? ये तो गाइड है, किताब नहीं."

"मैं गाइड पढ़के ही डिपार्टमेंटल पास हुआ हूँ," श्यामराव म्हणाले.

मी ओरडून सांगायला हवे होते की काका, हे पुस्तक या परीक्षेला नाही. पण सुई ठेवली की मला गावेच लागते. मी मन लावून गात होते आणि ते मन लावून चुकत होते.

शुक्रवारी क्षितिज आला. भरली वांगी झाली होती. पहिली पोळी संपेपर्यंत उन्हाळाच चालला. मग श्यामरावांनी घसा साफ केला.

"तुझी ती रेकॉर्ड ऐकली. तिसऱ्या गाण्यात दम नाही. पण पाचवं बरं आहे."

"कुठली रेकॉर्ड?" त्याने वळून पाहिले आणि हसला. "ही? अहो बाबा, ही फुकट आली होती. हिला मी टाकून गेलो होतो."

"टाकून?" सुहासिनीबाईंच्या हातातला डाव वाटीवर थांबला.

"म्हणजे, त्याचं बँडमधलं गाणं खरं गं. नंतर एकट्याने केलं ते नुसतं खपाऊ."

"असेल," श्यामराव पोळीचा तुकडा मोडत म्हणाले. "मला गाण्यातलं कळत नाही. मला आपलं वाटलं, सगळ्यांना सोडून माणूस एकटा राहायला लागला, त्याचं कसं चाललंय ते यातून समजेल."

क्षितिजचा घास हातातच राहिला.

"बरं चाललंय, बाबा."

"पाचव्या गाण्यात तसं वाटत नाही," श्यामराव म्हणाले.

क्षितिजने वांगे संपवले, पुन्हा वाढून घेतले, तेही संपवले. गाडी आली म्हणून फोन वाजला. चपला घालताना तो म्हणाला, "दुसरी बाजू ऐकलीत?"

"अजून नाही."

"मग नका ऐकू. पुढच्या वेळी मिळून ऐकू."

दुर्गापूजा होऊन गेली, थंडी आली. फोन येतात. ऊन आता थंडी झाले आहे, एवढाच फरक. श्यामराव मला रोज पुसतात, पण दुसरी बाजू लावत नाहीत. मंटूदांनी एकदा हट्ट धरला, तर म्हणाले, "नहीं, वो रिज़र्व है." माझी सहा गाणी तशीच पडून आहेत. क्षितिजने वचन दिले, की जिना उतरण्यापूर्वी काहीतरी बोलायचे म्हणून बोलला, ते मला सांगता येणार नाही. श्यामरावांनी मात्र ते मंजूर करून टाकले आहे.

मित्रांनो, रेकॉर्ड पुसावी, उन्हात ठेवू नये, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. घरातून जाताना जे मागे राहील, ते ठेवले आहे की टाकले आहे, एवढे घरच्यांना सांगून जा. कारण ते टाकलेलेही जपतात आणि त्यात तुम्हाला शोधत बसतात. तुम्ही तिथे नाही, हे आम्हाला माहीत असते. तरी सकाळी चहा होतो, सुई खाली येते आणि आम्ही गाऊ लागतो.