डावीकडे कललेली छत्री

मित्रांनो, ओटावातल्या एका घरात दारामागच्या खुंटीवर लटकलेली जुनी रेशमी छत्री म्हणजे मी. माझा जन्म चीनमधल्या हांगझोऊ शहरातला. बांबूच्या काड्या तासून, त्यांवर निळं रेशीम ताणून मला घडवलं. पश्चिम सरोवराच्या काठावरच्या दुकानात मी मोठ्या तोऱ्यात बसले होते.

२०१६ च्या वसंतात भुरभुर पाऊस आला आणि ओटावाहून फिरायला आलेले सुधाकरराव व त्यांची बायको प्रभाताई आडोशाला दुकानात शिरले आणि मला विकत घेऊन बाहेर पडले. निवृत्तीनंतरची ही त्यांची पहिलीच सहल. सुधाकररावांना मनोरा, दगडी पूल, बेटं, सगळं एका दिवसात उरकायचं होतं. प्रभाताईंचा पाय काठावरच्या विलोच्या झाडाखालून हलेना. "अहो, नुसते पळताय काय? बसून बघा जरा," त्या म्हणाल्या. मग दोघं माझ्याखाली बसून राहिले. सुधाकरराव मला डावीकडे, प्रभाताईंच्या बाजूला कलती धरत आणि स्वतःचा उजवा खांदा खुशाल भिजू देत. नावेतून उतरताना प्रभाताईंनी सरोवराला हात केला, "येते हं." निघताना आपल्याकडे 'जाते' म्हणत नाहीत, तीच सवय.

ओटावात येणारेजाणारे माझं कौतुक करत. पण बर्फापुढे रेशमाचं काय चालणार? मी खुंटीवरच राहिले. पुढच्या हिवाळ्यात प्रभाताईंना न्यायला ॲम्ब्युलन्स आली. दारातून जाताना त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "येते हं." त्या आल्या नाहीत.

तेव्हापासून सुधाकरराव रोज मला घेऊन बसस्टॉपपर्यंत जात. ओला बर्फ पडत असला तरी मला डावीकडेच कलती धरत. त्या बाजूला आता कोणी नसे. तरी माझ्या मुठीवर त्यांच्या बोटांशेजारी आणखी कुणाची बोटं टेकल्यासारखी वाटत आणि मला भीती वाटे. घरी परतल्यावर फरशीवर एकाच माणसाचे ओले ठसे उमटत. सुधाकररावांचा खोकला हटेना.

त्यांची मुलगी जाई हॅलिफॅक्सहून आली. "बाबा, असं अलोन राहणं सेफ नाही. माझ्याकडे मूव्ह करा."

"ती येते म्हणून गेलीय. घर बंद दिसलं तर?"

"आई नेहमीच तसं म्हणायची, बाबा. ग्रोसरीला जातानासुद्धा."

"ग्रोसरीहून यायची ती."

जाई बूट काढायच्या बाकावर मटकन बसली. "मग मी कशी निघू इथून? तुम्हाला येते म्हणायची मलाच भीती वाटते."

त्या दुपारी सुधाकररावांनी बॅग भरायला घेतली. निघताना मला बॅगेत घातलं, पुन्हा बाहेर काढलं आणि खुंटीवर अडकवलं. बाहेर पाऊस होता. "तिला लागेल," एवढंच ते म्हणाले. मग रिकाम्या घराकडे वळून "येतो गं" म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

आता घर विकायला काढलंय. बघायला येणारे मला उचलतात, उघडतात, तशीच ठेवून देतात. रेशीम विरलंय, काड्या ढिल्या झाल्यात. पाऊस लागला की माझ्या मुठीवर ती बोटं हळूच टेकतात. त्यांना सांगावंसं वाटतं, सुधाकरराव हॅलिफॅक्सला गेलेत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी या घरात राहायला आलात, तर मला फेकू नका. ओली झाले तर सावलीत उघडी ठेवून वाळवा. आणि बाहेर न्याल तेव्हा एकटे असलात तरी मला जरा डावीकडे कलती धरा.