कडीला अडकवलेली पिशवी

"घरमा माणूस शे, निकू," आई फोनवर म्हणाली होती. "बंद घराच्या कडीला दुधाची पिशवी कोण अडकवून ठेवतं?"

निकिताच्या आईनं, नवसाबाईंनी, नामपूरला तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली. पोलिओच्या डोसासाठी दारोदार फिरून नजर अशी तयार झालेली, की उंबरठा ओला आहे का, दोरीवर काय वाळतंय, कडीला काय लटकतंय, एवढं बघून त्या दार वाजवायच्या आधीच आत माणसं किती ते सांगत. पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटचा फोटो निकितानं त्यांना हौसेनं पाठवला होता. फोटोत जाळीचं दार, त्याला कुलूप, भिंतीवर बँकेची नोटीस, आणि कडीला फुलाफुलांची एक कापडी पिशवी.

"अगं, कुलूप दिसत नाही का तुला? गेलेल्या लोकांची राहिली असेल."

"दिसतंय. तरी एकदा सकाळच्या पारी जाऊन ये."

निकिता गेली नाही. पिंकीला दात येत होते, लेक रात्रंदिवस कडेवर. भाड्याच्या खोलीच्या भिंतीला ओल आलेली, त्यामुळे पोरीच्या छातीतली घरघर काही जात नव्हती. तिला कोरडं घर हवं होतं, लवकर हवं होतं. आणि लिलावातला फ्लॅट म्हणजे बाजारभावापेक्षा बराच स्वस्त, हे नवनाथ एजंट रोज सांगायचा.

तशी ती वाचणारी बाई. बी.कॉम. झालेली, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा दोनदा वाचणारी. लिलावाच्या कागदात 'प्रतीकात्मक ताबा' असा शब्द दिसला तेव्हा तिनं लगेच विचारलं होतं, "म्हणजे काय हो, भाऊ?"

"म्हणजे कागदावर ताबा बँकेचा. साखरपुडा झालाय, वरात यायची बाकी आहे असं समजा," नवनाथ हसला. "तुम्ही लय शिकलेल्या ना मॅडम, म्हणून घाबरता."

लिलाव त्यांच्या नावावर सुटला. प्रशिकनं, तिच्या नवऱ्यानं, पीएफ मोडून आणि तिचे दागिने ठेवून पाव रक्कम भरली. बाकीची पंधरा दिवसांत भरायची, नाहीतर भरलेलीही जाणार.

चौथ्या दिवशी सकाळी ती पिंकीला घेऊन गेली, खिडक्या किती आहेत ते बाहेरून बघायला. जिना चढून वर आली, तर पिशवी फुगलेली होती. आत दुधाची अर्ध्या लिटरची थैली. ती बघतेय तोवर जाळीतून एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, मनगटावर हिरवं गोंदण. त्या हातानं चाचपून पिशवीतली थैली उचलली आणि आत नेली. कुलूप बाहेरून दिसत होतं खरं, पण ते आतूनच हात घालून लावलेलं, किल्ली आत होती.

"कोण हाय गं?" जाळीमागून आवाज आला. "पोरगी का पोरगा?"

"पोरगी, आजी."

"मग उभी का? जयभीम. ये आत, लेकराला गार लागंल."

आजींनी, शकुबाईंनी, तिला चहा दिला. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि नवऱ्याचा, असे दोनच फोटो. नवरा महापालिकेत होता, फ्लॅट त्याच्या नावावर. तो गेल्यावर एकुलत्या एका मुलानं, सावळीरामनं, धंद्यासाठी कर्ज काढलं, धंदा बुडाला, आता तो फोनही उचलत नाही. भिंतीवरच्या नोटिशीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "ती पाणीपट्टीची ना?"

निकितानं कप तसाच खाली ठेवला.

तिथून ती थेट मोतीराम वकिलांकडे गेली. ते तिच्या आईच्या ओळखीचे. त्यांनी कागद चाळले, एका पानावर बोट ठेवलं. "नवऱ्यामागं घर मायलेकाचं, दोघांचं. पोरानं आईचं हक्कसोडपत्र करून घेतलं आणि सगळं घर गहाण टाकलं. पण हे नुसतं नोटरी केलंय, नोंदणी नाही. याला कायद्यात किंमत नाही. म्हातारीचा हिस्सा बँकेला विकताच येत नाही."

हे ऐकून नवनाथ जरासुद्धा दचकला नाही. "एवढंच ना? नोंदणी आत्ता करू. सावळीरामला मी आणतो, म्हातारीला तुम्ही रिक्षानं रजिस्ट्रारकडं आणा. पेन्शनचं काम आहे म्हणा."

"मी?"

"मग काय मी? माझ्याकडं बघून ती दार लावून घेईल. तुमच्या कडेवर लेकरू आहे, मॅडम. लेकरू बघितलं की माणूस विश्वास ठेवतं."

प्रशिक रात्री एवढंच म्हणाला, "पैसे गेले तर पिंकीला घेऊन याच ओलीत राहायचं. तू ठरव."

गुरुवारी ती गेली. पेन्शनच्या कामाला न्यायला येते, हा तिचा निरोप आधीच पोचला होता. शकुबाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुर्चीवर तयार बसलेल्या.

"पेन्शनच्या कामाला उशीर नको," त्या चपला घालत म्हणाल्या. "मागं सावळीरामनं पण असंच नेलं व्हतं. अंगठा घेतला, येताना उसाचा रस पाजला. त्यानंतर पेन्शन काय वाढली नाय, पण रस ग्वाड व्हता."

पिंकीनं हात पुढे केला. म्हातारीनं आपलं गोंदलेलं बोट तिच्या मुठीत दिलं.

"आजी, हे पेन्शनचं काम नाही," निकिता म्हणाली, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. नोटीस कशाची, रस कशासाठी पाजला, आणि घर विकत घेणारी कोण, तेही.

शकुबाईंनी नवऱ्याच्या फोटोकडे बघितलं. "मग तू लेकरू घेऊन कुठं राहशील?" त्यांनी विचारलं.

खाली रिक्षा उभीच होती. निकितानं रिक्षावाल्याला रजिस्ट्रारच्या ऐवजी मोतीराम वकिलांचा पत्ता सांगितला. तिथे हरकतीचा अर्ज तिनं स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला, एकेक ओळ, दोनदा. मग शकुबाईंनी अंगठा केला.

लिलाव आता थांबलाय. पैसे अडकलेत, मिळतील, पण कधी ते वकीलही सांगत नाहीत. प्रशिक आठवडाभर मोजकंच बोलला. मग कंपनीनं त्याला चाकणला पाठवायचं ठरवलं, आणि आता सामान बांधून झालंय.

काल निकिता निरोप घ्यायला गेली तेव्हा शकुबाई सहज म्हणाल्या, "तुझा तो नवनाथभाऊ आला व्हता. उसाचा रस घेऊन. आधार कार्ड कुठं ठिवता, ते इचारत व्हता."

रस प्यायलात का, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. कार्ड तेवढं तिनं मोतीराम वकिलांकडे ठेवायला दिलं.

पाथर्डी फाट्याच्या बाजूला तुमचं कधी जाणं झालं, तर सकाळी जरा दुसरा मजला चढून जा. जाळीचं दार, भिंतीवर नोटीस, कडीला फुलाफुलांची पिशवी. पिशवी रिकामी असेल तर आजींनी दूध घेतलंय, तुम्ही खुशाल खाली उतरा. पण दहा वाजून गेले तरी थैली तशीच असेल, किंवा कडीला पिशवीच नसेल, तर दार वाजवा. आतून आवाज येईपर्यंत वाजवत राहा.