काहील उतरेपर्यंत

सन त्रेचाळीसचा माघ. कोपरगावच्या शिवारात भिमाजी गुळव्याचे नाव त्याच्या गुळाहून गोड होते. त्याच्या गुऱ्हाळावरून कुणी रिकाम्या हाताने परतत नसे. ऊन गुळाचा पहिला घास आल्यागेल्याचा, हा रिवाज. मागल्या साली गुऱ्हाळावरच्या पीरमहंमदला नाग डसला, तेव्हा भिमाजीने त्याला पाठुंगळी मारून दवाखाना गाठला होता. पीरमहंमद वाचला, गावाने भिमाजीला देवमाणूस ठरवले. त्या दिवशी काहिलीच्या रुंद कढईत नुकताच गार रस ओतला होता, हे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. भिमाजीच्याही नाही.

आज रसाला शेवटचा कढ होता. काहिलीत जणू सूर्य मरत होता. पाक पाण्यात टाकून भिमाजी गोळी वळते का पाहत होता. ती वळताच काहील चुलाणावरून उतरली नाही, तर सारा पाक करपणार.

चुलाणात जाळ घालणारा छगन चिपाडाच्या ढिगाशी वाकला आणि तसाच थांबला.

"मामा, पान लागलं. नाग हुता, डसून गेला ढिगात."

भिमाजीने मान वर केली नाही. बोटांतला पाक अजून नुसती तार धरत होता. "फडकं आवळून बांध. जाळ सोडू नगंस. येवढी काहील उतरू दे."

"पीरमहंमदला तर तुमी..."

"त्यो दिस निराळा हुता."

छगनने चिपाड घातले. सावली चुलाणावरून सरकली.

"मामा, डोळं जड व्हत्यात."

"धुरानं व्हत्यात. घाल."

काहील उतरवायला उभे असलेले चौघे भिमाजीच्या तोंडाकडे पाहत राहिले. अखेर गोळी वळली. काहील उतरली, पाक निवायच्या वाफ्यात पसरला. असा पिवळाधमक गूळ त्या साली कुणी पाहिला नव्हता. मग भिमाजी धावला, जिवाच्या आकांताने धावला. छगन चुलाणाआड पडला होता. मुठीत चिपाड होते, छातीत श्वास नव्हता.

बांधावरून छगनची आई बनुबाई भाकरी घेऊन आली.

"भिमाजीदादा, पोरगं तुमच्या हाताखाली हाय, म्हून मला घोर न्हाई बगा. कुटं गेला?"

भिमाजी तिच्या वाटेत आडवा उभा राहिला. हात सवयीने वाफ्याकडे वळला आणि ऊन गुळाचा पहिला घास त्याने तिच्या ओंजळीत ठेवला.

ती फुंकर घालत खाऊ लागली.

"लई ग्वाड उतरलाय," ती म्हणाली. "छगनला दिला का?"